विहिरीभोवतीची तार

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरल्याने सांगितलं की तुमच्या गल्लीतल्या एका घरात चोर शिरला आणि घरमालकाने त्याच्यावर गोळी झाडली. तो हे मोठ्या कौतुकाने सांगत होता. मग त्याने विचारलं, "आजी, तुमच्याकडे चोर आला तर तुम्ही काय करता?" तेव्हा तुमचे आजोबा स्क्रीनसमोरून उठून गेले. तुम्हाला वाटलं, नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. अर्ध्या तासाने आत आले आणि म्हणाले, "लिहून पाठव त्यांना. मला बोलता यायचं नाही."

म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी स्वतः इंग्रजी शाळेत शिकले आणि जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण यातली माणसं जे बोलली ते मराठीत बोलली, आणि ते तसंच तुमच्यापर्यंत पोचावं असं मला वाटतं. अडलात तर आईला विचारा. मी सगळं क्रमाने लिहिणार आहे. क्रम सुटला की मला अजून भीती वाटते.

तुम्ही लहान असताना आलात तेव्हा आम्ही नगरला राहत होतो. कागदोपत्री आता ते अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीची पाटी वाचताना माझ्या तोंडी नगरच येतं. आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही इकडे, सोनईपासून थोडं आत, शेतावर राहायला आलो. साडेतीन एकर. थोडा ऊस, थोडा कांदा. घरापासून विहीर दोनशे दहा पावलांवर आहे. ही पावलं मी संध्याकाळच्या फिरण्यासाठी मोजली होती. पुढे ती दुसऱ्या कामासाठी लक्षात राहिली.

विहिरीतल्या मोटारीला तांब्याची जाड केबल लागते. चोर ती कापून नेतात, लांब रानात नेऊन वरचं रबर जाळतात आणि आतलं तांबं विकतात. आमची केबल एका वर्षात तीन वेळा गेली. पहिल्या दोन वेळी मला रागच आला. तिसऱ्या वेळी मात्र मी घाबरले, कारण त्या सकाळी विहिरीच्या कठड्यावर विड्यांची सात-आठ थोटकं पडली होती. म्हणजे केबल कापून झाल्यावर ती माणसं पळाली नव्हती. कठड्यावर बसून विड्या ओढत होती. आणि त्या कठड्यावर बसलं की समोर आमच्या घराचा दरवाजा दिसतो, दुसरं काही दिसत नाही.

त्या दिवसापासून मी दिवसाउजेडीसुद्धा मागच्या दाराला कडी घालू लागले. कपडे वाळत घालताना पाठ उसाकडे करायची नाही, असं ठरवून टाकलं. पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथले हवालदार सभ्य माणूस होते. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "आजी, तालुक्यात विहिरी किती आणि आम्ही किती." त्यात खोटं काही नव्हतं.

आजोबांची भीती माझ्यासारखी नव्हती. ते काही न बोलता जेवत आणि मधेच घास थांबवून विहिरीकडे बघत. तुम्हाला माहीत आहे, ते साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते एकच गोष्ट सांगत: तार मेलेली आहे असं कधीही समजायचं नाही, तपासायची. हे सांगताना ते एरवी कधी न चढणारा आवाज चढवत. कारखान्यातली माणसं अजून भेटली की त्यांची तीच नक्कल करतात.

एका दुपारी त्यांनी विहीर आणि मोटारीची खोली यांच्या भोवती लाकडी खुंट्या ठोकल्या, खुंट्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले आणि त्यावरून गुडघ्याच्या थोडी वर येईल अशी उघडी तार फिरवली. तारेला मोटारीच्या लाईनमधून वीज दिली. मी विचारलं, मरेल ना हो कोणी? ते म्हणाले, "मध्ये बल्ब टाकलाय, तो करंट अडवतो. फक्त झटका बसेल." या विषयात मी त्यांच्यावर जन्मभर विश्वास ठेवत आले होते. तेव्हाही ठेवला.

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण तुमच्याकडे वीज असते म्हणजे असते. इथे घराची वीज वेगळी आणि शेताची वेगळी. शेताची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ती दहाला येते आणि सकाळी सहाला जाते. तार त्या विजेवर होती. दिवसाच्या आठवड्यात आजोबा तारेचा फ्यूज काढून घरी आणत आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला अडकवत. पांढरा, चिनी मातीचा, लहान मुठीएवढा. खिळ्यावर फ्यूज असला की तार मेलेली. खिळा रिकामा असला की तार जिवंत. मी सकाळी उठल्यावर देवाआधी त्या खिळ्याकडे बघत असे.

सुरुवातीला रात्रीच्या आठवड्यातही ते रोज दिवेलागणीला फ्यूज लावून येत आणि उजाडताच काढून आणत. थंडी पडली. दवात पाय भिजायचे, गुडघे दुखायचे. मग एकदा म्हणाले, "सहाला लाईट आपोआप जाते की. सरकारच आपलं बटण बंद करतं, मी कशाला जाऊ?" आणि रात्रीचा आठवडा सुरू झाला की खिळा सातही दिवस रिकामा राहू लागला. मी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा हटकलं नाही.

ही चूक मला तुम्हाला नीट सांगायची आहे. ज्या माणसाने पस्तीस वर्षं सगळ्यांना तार तपासायला शिकवलं, तो वेळापत्रकावर विसंबला. आणि तो एकटा नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना आजोबांनी सांगून ठेवलं होतं, रात्री विहिरीकडे फिरकू नका, दिवसा काही नाही. सगळ्यांनी ते मान्य केलं. इथे वीज नसणं हीच इतकी पक्की गोष्ट असते की तिच्यावर माणूस डोळे झाकून पाय टाकतो.

आमच्या बांधापलीकडे एक कुटुंब राहतं. आई, मुलगा, सून, दोन शेळ्या, एक गाय, आणि मुलगा भाड्याने चालवतो ती मालवाहू पिकअप. आई पन्नाशीची. ती रोज सकाळी आमच्या बांधावरचं आणि विहिरीभोवतीचं गवत कापायला येते. विचारून नाही. इकडे बांधावरच्या गवताला कोणी विचारत नाही. ज्याच्या दारी जनावर आहे त्याने कापावं, पिकाला विळा लावू नये, एवढाच नियम. विचारलं तर उलट आपल्यालाच ओशाळं वाटेल. संक्रांतीला ती ओल्या हरभऱ्याची जुडी आणून ओट्यावर ठेवते, तेही न बोलता.

एरवी मात्र ती बोलायची थांबत नाही. माझ्या व्यवस्थितपणाची तिला फार गंमत वाटते. मी कपडे लांबीप्रमाणे वाळत घालते. ते बघून एकदा म्हणाली, "काकू, तुमची कापडं बी शाळंत बसल्यावानी दिसत्यात. उंचीनं." तार आली तेव्हा तिने आजोबांना विचारलं, काका, ह्यात शेळी आडकंल का? आजोबा म्हणाले, दिवसा मेलेली असते. मग ती रोज तारेवर आपलं ओलं फडकं वाळत घालू लागली. तार हाताने खाली दाबायची आणि पलीकडे पाय टाकायचा. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज पाहिलं आहे. पाहताना मी खिळ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचे. सहा वाजून गेलेत ना? गेलेत.

आता तो दिवस.

रात्रीचा आठवडा होता. पहाटे मला जाग आली तेव्हा विहिरीकडून मोटारीचा आवाज येत नव्हता. म्हणजे रात्रभर वीज नव्हती. असं होतं कधी कधी. आजोबा चहा पिऊन स्कूटरवर गावात पेपर आणायला गेले. मी भाकरी थापत होते. आमच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून वीज घेणाऱ्या शेतकऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यावर निरोप आला: रात्री फॉल्ट होता, त्याबदली आज सकाळी आठ ते बारा लाईट मिळेल. मी तो वाचला. तुम्हाला मी खोटं सांगणार नाही. मी वाचला आणि मला आनंद झाला. कांद्याला पाणी हवं होतं. मोटार ऑटोवर असते, वीज आली की आपोआप सुरू होते. थोड्या वेळाने ती सुरू झाली, आणि हौदात पाणी पडल्याचा आवाज मी तव्यावर भाकरी उलटताना ऐकला. छान वाटलं.

मग भाकरी उतरवून वळले आणि खिळा रिकामा दिसला.

किती वेळ मी त्याच्याकडे बघत उभी होते ते मला सांगता येत नाही. दोन श्वास असतील. मोटार चालू आहे, खिळा रिकामा आहे, घड्याळात सव्वाआठ झालेत. सव्वाआठला ती येते. खिडकीतून पाहिलं तर तिची गवताची पाटी बांधावर होती आणि ती विहिरीच्या दिशेने वाकून चाललेली होती. मी ओरडले. मोटारीच्या आवाजात तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी अनवाणी धावले. सत्तरीच्या बाईचं धावणं काय ते, पण धावले. जाताना कपडे वाळत घालायचा बांबू उचलला. का उचलला हे तेव्हा कळलं नाही. आजोबांनी कारखान्यातलं इतकं सांगून ठेवलं होतं की हातालाच ते माहीत असावं.

दोनशे दहा पावलांपैकी निम्मी झाली तेव्हा तिने फडकं तारेवर टाकलं. मी पुन्हा ओरडले. तिने मान वर केली, मला पाहिलं, हसली, आणि हसता हसता रोजच्यासारखी तार हाताने दाबली.

तिच्या तोंडून आवाज आला नाही. ती फक्त ताठ झाली आणि तशीच राहिली, एक पाय वर. हात तारेवर मिटलेला. मी जवळ पोचले तेव्हा जळल्याचा वास येत होता. माझे पाय दवाने ओले होते, आणि मला एकच गोष्ट कळत होती, की तिला शिवायचं नाही. तिला शिवावं असं अंग ओढत होतं. मी बांबू दोन्ही हातांनी धरून तिच्या मनगटावर मारला. सुटला नाही. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मी सगळ्या अंगाने मारला, तिचं हाड मोडेल असा. ती मागे गवतात पडली.

मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. आधी काहीच नव्हतं. मोटार चालू होती, हौदात पाणी पडत होतं. मी तिच्या छातीवर दाबत राहिले, शाळेत एकदा प्रथमोपचारवाल्यांनी शिकवलं होतं तसं, मोठ्याने आकडे मोजत. कुठल्या आकड्याला ती खोकली ते आठवत नाही. मी मोजणं मात्र थांबवलं नाही. तिचा मुलगा धावत आला तेव्हाही मी मोजत होते.

त्याने आईला उचलून पिकअपमध्ये घातलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात आजोबांची स्कूटर आली. मुलाने गाडी सुरू करायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं तो त्यांना मारेल. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, तार दिवसा मेलेली असती म्हनले व्हते ना तुमी?" आजोबा स्कूटर उभी करायची विसरले आणि ती त्यांच्या हातातून आडवी पडली.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण हृदयावर आज लक्ष ठेवावं लागेल. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. करंट लागलेला पेशंट म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं. ती गुंगीत होती, म्हणून जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं ठरलं. हे ऐकल्यापासून आम्हा दोघांच्या भीतीला वेळ मिळाली: उद्या अकरा.

माझा धाकटा भाऊ नगरला वकिली करतो, तुमच्या आईचा मामा. तो दवाखान्यात आला आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर घेऊन बसला. त्याने आजोबांना सगळं विचारलं. तार केव्हा लावली, कोणाला सांगितलं, धोक्याची पाटी लावली होती का. आजोबा म्हणाले, पाटी लावली होती, पण चोर वाचतील म्हणून काढली. बाजारात बॅटरीवरचं, जीव न घेणारं झटका मशीन मिळतं, ते का नाही घेतलं, असं त्याने विचारलं. आजोबा म्हणाले, त्याला कोणी भीत नाही.

मग भावाने कायदा सांगितला. मला तो त्या दिवशी अर्धाच कळला. पुढे त्याच्याकडचं पुस्तक आणून मी इंग्रजीतून वाचला, तेव्हा पूर्ण कळला. तुम्हाला तो सांगते, कारण तुम्ही विचारलात. आपल्या मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क कायदा देतो. चोर समोर असेल तर त्याला अडवता येतं, धरता येतं, हाकलता येतं, त्यात त्याला थोडंफार लागलं तरी चालतं. पण जेवढी गरज तेवढंच. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. जीव घेण्यापर्यंत जायची मुभा फार थोड्या ठिकाणी आहे: दरोडा किंवा जबरी चोरी, सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणं, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी करणारा आपल्या जिवावर उठेल अशी खरोखर भीती वाटणं. शेतातली केबल कापणारा यात बसत नाही.

"दाजी," भाऊ म्हणाला, "तुम्ही काठी घेऊन तिथे उभे असता आणि चोराचा हात मोडला असता, तर मी कोर्टात तुमच्यासाठी बोललो असतो. पण तुम्ही तिथे नव्हतात. तार होती. कोण आलंय हे तारेला बघता येत नाही, आणि नको म्हटलं तरी तिला थांबता येत नाही."

आजोबांनी विचारलं, "बल्ब होता मध्ये, त्याने काही फरक?" आणि भाऊ काही म्हणायच्या आत त्यांनीच मान हलवली. म्हणाले, "बल्बाने काही होत नाही. मला ठाऊक होतं." हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी भावाला विचारलं, "आणि तिच्याऐवजी चोराचाच हात लागला असता तर?"

"तरी हेच," तो म्हणाला. "ताई, तरी हेच."

हे ऐकून मी किती घाबरले ते सांगता येत नाही. सकाळपासून मी स्वतःला सांगत होते की आमची चूक एवढीच, की हात भलत्याचा निघाला. मला वाटत होतं, ज्याच्यासाठी तार लावली त्याला लागलं असतं तर आम्ही बरोबर ठरलो असतो. त्या विड्या ओढणाऱ्यांपैकी कोणी त्या गवतात पडलेला मी मनात कितीदा पाहिला होता, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यालाही कोणीतरी पिकअपमध्ये घातलं असतं.

उद्या काय सांगायचं हे भावाने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, खोटं सांगणार असाल तर दुसरा वकील बघा.

ऊन उतरताना आम्ही घरी आलो. आजोबा सरळ विहिरीवर गेले, मी मागोमाग. त्यांनी आधी तार तपासली. मग कापून खुंट्यांवरून सोडवू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "चोरांनी कापलेल्या केबलचं टोक लोंबत होतं, त्याला तिचा हात लागला. असं म्हटलं तर कोणीही विश्वास ठेवील." मी नाही म्हटलं नाही. मी तारेचं दुसरं टोक धरलं, त्यांना गुंडाळायला सोपं जावं म्हणून. बाळांनो, हेही माझ्या हातून झालं आहे. तार गुंडाळून झाली, खुंट्या उपटून झाल्या, आम्ही भोकं पायाने दाबली. तिचं फडकं तिथेच गवतात पडलेलं होतं. मी ते घरी आणून धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. लांबी बघितली नाही.

पोटमाळ्यावर टाकायला त्यांनी ते वेटोळं दाराशी ठेवलं होतं. सकाळी निघताना मी ते कापडी पिशवीत घातलं, वर तिचं फडकं ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावली. त्यांनी पाहिलं. विचारलं नाही. एसटीत पिशवी माझ्या पायाशी होती, आणि वळणावर ती सरकली की आम्ही दोघंही दचकत होतो.

ती जागी होती. हात मोठ्या बँडेजमध्ये. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मला बघून तिने ओळखीचं हसायचा प्रयत्न केला. म्हणाली, "काकू, लई जोरात मारलं वो तुमी. शाळंतली पोरं कशी वाचली?" मला रडू आलं. मग तिने मुलाला बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

"पोलीस येनार हाय म्हनं," ती म्हणाली. "काय सांगू ते सांगा. तुमी म्हनशाल तसं सांगते."

मला त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोठी भीती इथे वाटली. विहिरीवर वाटली त्याहून मोठी. ती मला आमची सुटका न मागता देत होती, हरभऱ्याच्या जुडीसारखी. मी फक्त घ्यायची होती. खोलीच्या दारात आजोबा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं असं भ्यालेलं ते तोंड होतं. तुरुंगात जाणारं माणूस माझं होतं आणि बोटं गेलेलं माणूस ती होती, आणि उत्तर मी द्यायचं होतं.

मी म्हणाले, "जे झालं तेच सांग."

"काकांचं काय हुईल?"

"ते मला माहीत नाही."

ती म्हणाली, बरं.

अकराला हवालदार आले. तेच, केबलची तक्रार लिहून घेणारे. ते खोलीत जायच्या आधी आजोबांनी माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली, फडकं बाजूला करून मला दिलं आणि तारेचं वेटोळं बाकावर त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "ही तार. मी लावली. फ्यूज घरी आहे, तोही देतो." हवालदारांनी तारेकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, बसा काका, आधी बसा.

आजोबांना अटक झाली. एक रात्र ते कोठडीत होते. त्या रात्रीबद्दल ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. गुन्हा दाखल झाला, शेताच्या विजेचा असा वापर केला म्हणून वेगळाही. खटला चालू आहे. तारखा पडतात. विहिरीवर आता मोटारीच्या जोडणीला मोठं कुलूप लावलेली लोखंडी पेटी केली आहे, केबल जमिनीखालून नेली आहे, आणि कठड्याकडे तोंड करून दिवा लावला आहे. हे सगळं आधीही करता आलं असतं.

चोर सापडले नाहीत. मला त्यांची भीती अजून वाटते. फरक एवढा, की आता मला आमचीही वाटते.

तिच्या मुलाने वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं. गेल्या संक्रांतीला ओट्यावर हरभऱ्याची जुडी होती. कोणी ठेवली ते मी पाहिलं नाही.

तुम्ही विचारलंत, चोर आला तर आम्ही काय करतो. दार लावतो, दिवे लावतो, ओरडतो, फोन करतो. केबल गेली तर जाऊ देतो. आजोबांनी हे पत्र वाचलं आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: तारेची उंची गुडघ्याच्या थोडी वर नव्हे, गुडघ्याएवढी होती. मी लिहिलेलं तसंच ठेवलं आहे, दुरुस्ती इथे देते.

खिळा स्वयंपाकघरात आहे, त्याला आता काही अडकवत नाही. फ्यूज आणि तार कोर्टात आहेत. विहीर चालू आहे. तिच्या उजव्या हाताला तीन बोटं राहिली आहेत, आणि आमच्या बांधावरचं गवत ती डाव्या हाताने कापते.